लाजेपायी अडाणी राहिलेलं एआय

(वेंगुर्ल्यातल्या एका वाचनालयात एका सर्जन डॉक्टरांनी दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त थोडं नीटनेटकं केलंय.)

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकते, आज संडास हा शब्द पन्नासवेळा येणार आहे, ज्यांना चालत नसेल त्यांनी मागच्या दाराने गेलात तरी मला राग नाही, बाहेर चहा ठेवलाय. मी विषय कळवला होता तो असा, मूळव्याध, भगंदर, अंग बाहेर येणं, लघवी-संडास न थांबणं आणि त्यात एआयचा उपयोग. आणि बाहेर फळ्यावर लिहिलंय "आरोग्य व आधुनिक तंत्रज्ञान". मी लिहिणाऱ्याला दोष देत नाही, त्याच्या आईनेही तो फळा वाचला असणार. पण मला जे आज सांगायचंय ते ह्या लाजेबद्दलच आहे, कारण ह्या दुखण्यांत एआय अजून मागे का आहे ह्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण कॉम्प्युटर नाही, आपण आहोत.

कसं ते सांगते. एआय शिकतं कसं, तर हजारो लाखो फोटो, आलेख, रिपोर्ट त्याला दाखवायचे, प्रत्येकाखाली जाणकार डॉक्टरने लिहिलेलं असतं की हा रोगाचा, हा नॉर्मल, आणि त्यातून ते खुणा पकडायला लागतं. डायबेटिसने डोळ्याचा पडदा खराब होतो, त्याच्यासाठी गूगलने जे एआय केलं त्याचा पेपर २०१६ ला आला, त्याला शिकवायला १ लाख २८ हजारांच्या वर फोटो वापरले होते, आणि त्यातले काही आपल्या भारतातल्या हॉस्पिटलांतले. डोळ्याचा फोटो काढायला कोणाची हरकत? हनुवटी टेकवायची, बघायचं, झालं. छातीच्या एक्सरेचं पण तेच. आता गुदद्वाराचं बघा. मूळव्याध घराघरात आहे, पण कोण सहज फोटो काढू देईल? तपासायलाच येत नाहीत तर फोटो कुठला. त्यामुळे ह्या भागावर एआयचे जे अभ्यास झालेत ते बहुतेक शे-दोनशे, पाचशे, फार तर काही हजार पेशंटचे, आणि तेही बरेचसे युरोप-अमेरिका, चीन-जपान-कोरिया इथल्या मोठ्या सेंटरचे. म्हणजे लाजेपायी पेशंट येत नाही, पेशंट नाही म्हणून डेटा नाही, डेटा नाही म्हणून एआय अडाणी.

बरं जे येतात ते सुद्धा काय सांगतात? एक काकी आल्या होत्या, सोबत सून. मी विचारलं काय होतंय, तर "माका काय झाला नाय, पोट साफ होना नाय इतक्याच." सुनेला बाहेर बसवलं आणि मग हळूहळू बाहेर आलं की कुंथून कुंथून अर्धा अर्धा तास बसतात, कधी बोटाने काढावं लागतं, आणि खोकला आला की लघवी गळते म्हणून लग्नकार्याला जाणं सोडलंय. हे त्या सुनेला माहीत नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच. आता हेच जर केसपेपरवर "बद्धकोष्ठता" एवढंच लिहून गेलं असतं, तर कुठल्याही एआयला त्या केसपेपरवरून काय कळणार होतं?

ह्या काकींना जे होतं ते जरा समजून घेऊ कारण एआयचं खरं काम इथे आहे. आपल्या कमरेच्या हाडांच्या तळाला स्नायूंचा एक पडदा असतो, त्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात, मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय हे सगळं त्याच्यावर टेकलेलं. त्यातला एक स्नायू गुदाशयाच्या मागून वळसा घालून पुढे हाडाला लागलेला असतो, एरवी तो आवळलेला असतो म्हणून आतडं तिथे वाकलेलं राहतं आणि संडास आत थांबते. जोर केला की तो सैल पडायला हवा. उकिडवं बसलं की तो वाक अजून सरळ होतो, म्हणून आपला जुना संडास ह्या बाबतीत कमोडपेक्षा बरा, गुडघे चालत असतील तोवर, आणि कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या. तर काही लोकांत जोर करताना तो सैल पडायच्या ऐवजी उलटा आवळतो. एका हाताने दार बाहेर ढकलतोय आणि दुसऱ्या हाताने स्वतःच कडी धरून ठेवलीय असा प्रकार. त्याला डिससिनर्जिया म्हणतात. अशा माणसाला तुम्ही कितीही चूर्ण द्या, इसबगोल द्या, संडास पातळ होईल पण त्रास पूर्ण जाणार नाही.

हे ओळखायला मॅनोमेट्री नावाची तपासणी आहे, पेन्सिलीएवढी बारीक नळी, तिच्यावर बारके सेन्सर, आत ठेवायची आणि आवळा, ढकला, खोका असं सांगायचं, स्क्रीनवर दाबाचे रंगीत पट्टे उमटतात. आता हे पट्टे वाचणं हेच अवघड. बरीच वर्षं एका सेंटरचा रिपोर्ट दुसऱ्याला जुळायचा नाही, नळी वेगळी, पद्धत वेगळी, नॉर्मल कशाला म्हणायचं ते वेगळं. २०२० मध्ये लंडन क्लासिफिकेशन म्हणून एक समान भाषा ठरली तेव्हा कुठे एकवाक्यता यायला लागली. मास्तरांचंच एकमत नसेल तर पोरगं काय शिकणार, म्हणून त्याच्या नंतरच ह्यातल्या एआयला खरा अर्थ आला असं मला वाटतं. आता मशीन लर्निंगवाले काय करतात तर ते पट्टे कॉम्प्युटरला देतात आणि तो सांगतो, ह्याचा स्नायू कमजोर आहे, ह्याचा उलटा आवळतोय. चांगलं काम आहे. पण हे मशीन मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी असतं, नळी महाग असते, आणि आपल्याकडचा माणूस त्या तपासणीसाठी एक दिवस बुडवून जाणार का, विशेषतः लावणीच्या दिवसांत? तोपर्यंत एक साधी टेस्ट आहे, बारीक रबरी नळीला फुगा, त्यात ५० मिली पाणी, आत ठेवायचा आणि पेशंटला खाजगीत बसवून बाहेर टाकायला सांगायचं, मिनिट दोन मिनिटांत जायला हवा. नाही गेला तर शंका घ्यायची. ह्याला ना एआय लागतं ना मोठा खर्च, तालुक्याच्या दवाखान्यात होऊ शकते, आणि तरी होत नाही. हान्स ग्रेगरसन नावाच्या संशोधकाने तर मऊ सिलिकॉनची, आत सेन्सर असलेली कृत्रिम संडासच बनवलीय, फेकोबायॉनिक्स नाव, ती बाहेर टाकताना आत काय काय होतं ते सगळं नोंदते. हसू नका, मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात हुशार कल्पना आहे.

आता उपचार. डिससिनर्जियाला बायोफीडबॅक म्हणून ट्रेनिंग असतं, सेन्सर लावून स्क्रीनवर दाखवायचं की बघा तुमचा स्नायू आत्ता आवळतोय, आता सोडा, आता पोटाने हलका जोर द्या, आणि माणूस शिकतो. ह्या विषयात अमेरिकेतल्या डॉ. सतीश राव ह्यांचं काम मोठं आहे, आणि नीट निवडलेल्या पेशंटमध्ये बऱ्याच जणांना ह्याने फरक पडतो हे चाचण्यांत दिसलेलं आहे. अडचण काय, तर शिकवणारी फिजिओथेरपिस्ट लागते आणि काही आठवडे जावं लागतं. इथे मला एआयची खरीखुरी आशा वाटते. घरी छोटा सेन्सर, मोबाईलवर अ‍ॅप, आणि अ‍ॅप सांगतंय की काल तू नीट सोडलंस, आज परत आवळतेयस, जरा श्वास सोड. घरात खोलीचं दार लावून, कोणाला काही न सांगता. आपल्याकडच्या बाईला तेच तर पाहिजे.

पण एक मोठी गडबड आहे आणि ती मी रोज पेशंटच्या फोनवर बघते. चॅटबॉटला विचारलं की "खाली जड वाटतं, संडासला त्रास", की तो केगेल सांगून मोकळा. केगेल म्हणजे डॉ. अर्नोल्ड केगेल, अमेरिकन गायनॅक, त्यांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी आवळायचे व्यायाम मांडले आणि दाब मोजायचं उपकरणही दिलं. म्हणजे मूळ व्यायाम मोजून करायचा होता, ते आपण विसरलो आणि यूट्यूबवर फक्त "आवळा आवळा" राहिलं. आता ज्याचा स्नायू आधीच आवळलेला राहतो त्याला आणखी आवळायला सांगितलं तर दुखणं वाढतं. खोकताना लघवी गळतेय तिला केगेल, कुंथावं लागतंय त्याला सोडायचं ट्रेनिंग. वरून तक्रार सारखीच वाटते, उपाय उलटा. आणि हा फरक चॅटबॉटला लिहिलेल्या दोन ओळींवरून कळत नाही, तो डॉक्टरच्या बोटाला कळतो. हो, बोटाने तपासणी, मिनिटभराची, ग्लोव्ह आणि जेली एवढाच खर्च. माझ्या धंद्यातल्या लोकांनाही सांगते, आपणही हल्ली ती टाळायला लागलोय, पेशंट लाजतो आणि डॉक्टरला तेवढंच निमित्त मिळतं.

बायकांचं जरा जास्त बोलते कारण इथे समोर बायका कमी आणि पुरुष जास्त बसलेत. आपल्या किनाऱ्यावरची बाई बघा. दिवसभर वाकून लावणी, डोक्यावर मासळीची टोपली, जंगलातून लाकडाची मोळी, आणि बाळंतपणानंतर लगेच विहिरीवर. मग चाळिशी-पन्नाशीत अंग खाली येतं, आणि ती ते कापडाने वर ढकलून वर्षानुवर्षं काम करत राहते. बाळंतपणात तो पेल्विक फ्लोअरचा स्नायू कधी कधी हाडापासून सुटतो, विशेषतः चिमटा लावून बाळ काढलं असेल तर. हे साध्या सोनोग्राफीने, खालून प्रोब ठेवून दिसतं. सिडनीचे डॉ. डिट्झ ह्यांनी ह्यात खूप काम केलंय, जोर करताना त्या स्नायूमधली जागा २५ चौरस सेंटिमीटरच्या वर ताणली गेली तर ती जास्तच समजतात. ही जागा मोजणं हे एआयला छान जमतं, माणसाला थ्रीडी चित्रातून योग्य पातळी शोधून रेघ आखायला वेळ लागतो आणि दोन डॉक्टरांच्या रेघा दोन जागी पडतात, एआय काही सेकंदात आखून देतं. सोनोग्राफी मशीन आता तालुक्या तालुक्यात आहे, प्रसूतीची आहे. पोटाची करता तर बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी खालची पण करा ना, एवढंच माझं म्हणणं.

आणि त्याच बाबतीत एक सावधगिरी. यूआर-चॉइस नावाचं एक गणित आहे, आईची उंची, वजन, वय, बाळाचं वजन, डोक्याचा घेर असं भरलं की पुढे बारा किंवा वीस वर्षांनी हिला लघवी गळण्याचा, अंग बाहेर येण्याचा धोका किती ते सांगतं. कल्पना उत्तम. पण ते गणित बसवलंय ब्रिटन, न्यूझीलंड आणि स्वीडनच्या बायकांवर. त्यात टोपली कुठाय? लावणी कुठाय? सातव्या महिन्यापर्यंत शेतात असलेली आपली वैनी त्या आकड्यांत बसते का हे कोणी तपासलं पाहिजे, आणि ते स्वीडनवाले येऊन करणार नाहीत.

असाच प्रकार बद्धकोष्ठतेच्या व्याख्येत. पाश्चात्त्य निकषांत आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा हा एक महत्त्वाचा मुद्दा आहे. आपल्याकडे बहुतेक माणसं रोज जातात, काही दोनदा. इथला माणूस एक दिवसाआड गेला तरी बेचैन होतो आणि त्या निकषावर चालणारं अ‍ॅप त्याला म्हणणार, तुम्ही नॉर्मल आहात. बरं, आपलं जेवण पण बदललंय. पूर्वी उकडा भात, कुळीथ, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला, आता पांढराशुभ्र पॉलिशचा भात, मासे, आणि संध्याकाळी टपरीवरचा वडापाव. फायबर दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम लागतं, ते पांढऱ्या भातात आणि बांगड्यात नाही. हे सांगायला एआय नको, तरी मी सांगून घेतलं.

भगंदरावर थोडक्यात. भगंदर म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेली, पू वाहणारी वाट. सुश्रुताने अर्श, म्हणजे मूळव्याध, आणि भगंदर दोन्ही आठ महारोगांत मोजले, म्हणजे तेव्हापासून वैद्यांच्या डोक्याला ताप. वाट कुठून कुठे जाते हे शोधायला तो एषणी, म्हणजे बारीक सळई, घालायचा, आम्ही आता एमआरआय करतो, प्रश्न तोच आहे, एक जरी फाटा राहिला तर परत होतं. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या पार्क्स ह्या सर्जनने १९७६ मध्ये भगंदराचे चार प्रकार केले, वाट स्नायूच्या कुठून जाते त्यावरून, आणि ऑपरेशन किती कापायचं ते त्यावर ठरतं, जास्त कापलं तर संडास थांबणार नाही. एमआरआयमधून ती वाट रंगवून दाखवायचं काम एआय करायला लागलंय, मला स्वतःला त्याचा उपयोग ऑपरेशनच्या आधी पेशंटला समजवायला जास्त होईल असं वाटतं. क्षारसूत्र, म्हणजे औषध लावलेला दोरा त्या वाटेत बांधायचा आयुर्वेदिक उपाय, वाईट नाही, आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने १९९१ मध्ये ऑपरेशनशी तुलना केली होती, बरं व्हायला वेळ जास्त पण परत होण्याचं प्रमाण कमी निघालं. वाईट आहे ते एसटी स्टँडच्या मागे "बिना ऑपरेशन गॅरंटी"चा बोर्ड लावून कसलंतरी इंजेक्शन मारणारं प्रकरण. त्याचे पेशंट आमच्याकडे सडलेल्या जखमा घेऊन येतात.

रक्ताचा मुद्दा मात्र पळवून चालणार नाही. संडासवाटे रक्त म्हणजे मूळव्याध असं सगळेच धरून चालतात, पेशंट, शेजारी, मेडिकलवाला. बहुतेक वेळा तसंच असतं. पण आतड्याचा कॅन्सर पण असाच सुरू होतो. दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, एआय आता बऱ्यापैकी पक्कं बसलंय, जीआय जीनियस नावाच्या यंत्रणेला अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये परवानगी दिली, स्क्रीनवर मोड दिसला की हिरवी चौकट येते. मोड म्हणजे इथे मूळव्याधीचा नाही, आतड्यातला पॉलिप, ज्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. आता गंमत ऐका. २०२५ मध्ये पोलंडमधला अभ्यास लॅन्सेटच्या एका जर्नलमध्ये आला, तिथल्या डॉक्टरांना काही महिने एआयची सवय लागली आणि मग एआय नसलेल्या तपासण्या बघितल्या, तर पॉलिप सापडायचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं. म्हणजे डोळा आळसावला. आमच्यासारख्या ठिकाणी जिथे वीज जाते, नेट जातं, तिथे हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता थोडं हसायचं. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलमधल्या टीमने मोबाईलने संडासचा फोटो काढून त्याची प्रत सांगणारं अ‍ॅप तपासलं, ब्रिस्टल स्केल म्हणून सात प्रकार आहेत, एक म्हणजे शेळीच्या लेंड्या आणि सात म्हणजे निव्वळ पाणी. पेशंट स्वतः सांगतो त्यापेक्षा अ‍ॅपचं उत्तर तज्ज्ञांशी जास्त जुळलं. पटण्यासारखं आहे, माणूस नीट बघतच नाही. आणि २०२० मध्ये स्टॅनफर्डमध्ये संजीव गंभीर ह्यांच्या टीमने स्मार्ट टॉयलेट केलं, कॅमेरे लावलेलं, आणि घरातला कोण बसलाय हे ओळखायला फ्लशच्या दांडीवर बोटाचा ठसा, आणि तो पुरेसा नाही म्हणून गुदद्वाराच्या वळ्यांचा ठसा! आधार कार्डवाल्यांना कोणी हे सांगू नका.

(हशा. पुढे प्रश्न झाले, त्यातले काही.)

एका तरुणाने विचारलं, मग चॅटबॉटला विचारायचंच नाही का? विचारा की. उलट मी म्हणते जे तोंडाने सांगता येत नाही ते आधी तिथे मालवणीत का होईना टाईप करून बघा, बोलायची सवय होते. आणि त्याला सांगा, माझ्या तक्रारीची डॉक्टरला दाखवायला अर्ध्या पानाची चिठ्ठी करून दे. ती चिठ्ठी घेऊन या. पण औषध त्याच्याकडून घेऊ नका.

एक आजोबा म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर चालेल का. आजोबा, तुमचा फोटो तुमच्या नातवाच्या फोनवरून येणार आणि तो फॅमिली ग्रुपवर पडायला एक बोट चुकलं की झालं. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा तुमचा फोटो ग्रुपवरून परत आणत नाही. नाव, चेहरा नसलेला, डॉक्टरने स्वतः मागितला तरच. आणि फोटोवरून मूळव्याधीची डिग्री नीट ठरत नाही, जोर करताना मोड बाहेर येतो का, आपोआप आत जातो का, हाताने ढकलावा लागतो का, ह्यावर ती ठरते, ते फोटोत येत नाही.

शेवटी एका आशाताईंनी विचारलं, आम्ही घरोघर जातो, आम्ही काय विचारायचं, बायका सांगत नाहीत. ताई, हा आज आलेला सगळ्यात कामाचा प्रश्न. सासू घरात असेल तर विचारूच नका, विहिरीवर किंवा पाणंदीत गाठा. त्रास आहे का असं विचारू नका, नाहीच म्हणतील. विचारा की खोकताना-शिंकताना साडी ओली होते का, संडासला बोट लावावं लागतं का, गॅस किंवा पातळ संडास कळायच्या आत सुटते का, बसताना काहीतरी बाहेर आल्यासारखं लागतं का, आणि रक्त, वजन कमी, अशक्तपणा. वहीत नुसतं हो-नाही लिहा, नाव नको, वय आणि बाळंतपणं किती ते लिहा. अशा वह्या जिल्ह्याभरातून जमल्या तर आपल्या बायकांचा पहिला खरा डेटा तोच असेल, पुढे कोणी एआय बनवणारा आला तर त्याच्या हातात देऊ. पहिल्या चारांपैकी एक जरी हो आलं तर सवडीने पाठवा. रक्त किंवा वजन कमी म्हणाली तर त्याच आठवड्यात पाठवा, ती म्हणेल गणपती होऊदेत मग बघू, तरी पाठवा.